चित्र आलं, आवाज नाही

डिस्क आत गेली की आधी खर्र खर्र,
घशात काटा अडकल्यासारखं,
मग हिरवा दिवा दोनदा मिचकतो
आणि कॉम्प्युटर विचारतो, ही फाइल कशाने उघडू?
जसं काही मलाच ठाऊक असावं.

हॉस्पिटलच्या पाकिटावर निळ्या पेनाने:
विश्राम बाबी राऊळ, वय सदुसष्ट.
खाली बारीक अक्षरात, बहुधा नर्सच्या,
डावी बाजू नीट बघा.

बघतोय. रात्रीचे सव्वादहा झालेत,
कन्नमवार नगरात समोरच्या बिल्डिंगीत
कुणीतरी अजून मिरची कुटतंय.
अप्पांना दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायच्या आधी
ही चकती निदान चालते का, एवढंच बघायचं होतं.

वरचा गॉडविन फोनवर ओरडला,
"गोल नका पुसू ताई, मधून बाहेर, सरळ!"
चष्म्याच्या फडक्याने पुसली सरळ.
मग तो म्हणाला म्हणून कोडेक नावाचं काहीतरी उतरवलं,
ते आपल्यासोबत आणखी दोघांना घेऊन आलं,
लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखं.
बंद केलं. चालू केलं.
पडदा काळा. पडदा हिरवा.
मग नुसते चौकोन, फुटलेल्या लाद्यांसारखे,
आणि त्या लाद्यांमधून हळूहळू
अप्पांचं हृदय.

राखाडी. वाटलं होतं त्याहून लहान.
पाण्यात शाई सोडावी तशी
एक काळी फांदी पसरते,
विझते, पुन्हा पसरते.

आवाज मात्र येईना.
स्पीकरची वायर काढून लावली,
मागच्या भोकात, मग पुढच्या भोकात.
व्हॉल्यूम शंभरावर नेला,
पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली.
शेवटी गॉडविन स्वतःच उतरला, अनवाणी,
दोन ठिकाणी क्लिक केलं आणि म्हणाला,
"आवाज भरलेलाच नाहीये, ताई. मुकं शूटिंग आहे."
आम्ही दोघं हसलो. गुरुवारपासून पहिल्यांदा.

अप्पा हसले नाहीत.
स्टूल पुढे ओढून पडद्याला नाक लावून बसले होते.
एकतीस वर्षं एस वॉर्डात चावीवाला.
रात्री दोनला, ट्रक निजल्यावर,
लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायचे
आणि दुसरं टोक कानाला.
डांबराखाली चार फूट, कुठे फुटलंय,
किती फुटलंय, कधीपासून,
सगळं त्या कांबीतून यायचं.
मुकादम खडूने फुली मारायचा, तिथेच खणायचे.

"आमका आवाज गावायचो," म्हणाले,
"चित्र नाय."

मग म्हणाले, थांबव.
स्पेसबार अडकतो, आधीच सांगून ठेवते,
फांदी पुढे निघून गेली.
मागे नेली. पुन्हा निसटली.
तिसऱ्यांदा त्यांनी काचेवर नखच ठेवलं,
चावी फिरवून फिरवून वाकडं झालेलं नख,
"हंय. हंय चावी बंद आसा. जरा झिरपता, बस."

रिपोर्टात तिथेच नव्वद टक्के लिहिलं होतं.
तो कागद मी गव्हाच्या डब्याखाली ठेवला होता.
वाचून दाखवला नव्हता.

गॉडविन आपल्या पायांकडे बघत राहिला.
अकरा सेकंदांनी चित्र संपायचं,
आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायचं,
ते बंद कुठून करायचं आम्हाला सापडत नव्हतं
किंवा शोधत नव्हतो.

अप्पांनी ती फांदी खालपर्यंत बोटाने गिरवली,
जिथे ती केसाएवढी होते आणि दिसेनाशी होते,
आणि विचारलं, अगदी ड्यूटीवर विचारायचे तसं,
"ह्या लायनीवर शेवटाक कोण रवता?"

मला उत्तर देता आलं नाही.

डिस्क काढताना ट्रे अर्धा येऊन थांबला.
टाचणीने ओढला.
चकती हातात घेतली तर गरम होती,
चांगलीच गरम. पाकिटात घालायच्या आधी
थोडा वेळ तशीच धरून बसले.